काळ्या गाईला तांबडं वासरू कसं झालं?

आधी प्रश्न सांगतो. उदगीरकडच्या एका तरुण शेतकऱ्याची काळी-पांढरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय तिसऱ्या वेताला व्यायली आणि कालवड तांबडी-पांढरी निघाली. वळूही काळा-पांढराच होता, त्याच्या वीर्याच्या कांडीचा फोटो त्यांनी पाठवलाय. गल्लीत दोन तर्क सुरू आहेत: कृत्रिम रेतन करणाऱ्यानं कांडी बदलली, नाहीतर शेजारच्या गोऱ्ह्यानं काम केलं. घरात धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे. ती म्हणते की असं होऊ शकतं, रेसेसिव्ह जीन आहे म्हणून. पण भावानं ‘म्हणजे काय?’ विचारल्यावर जीन, अलील, जीनोटाइप, फिनोटाइप, एक्स्प्रेशन या शब्दांत ती अडकली. शेवटी भावाचा आणखी एक प्रश्न आहे: या गाईचं दूध ‘ए२’ म्हणून विकता येईल का?

बहिणीचं बरोबर आहे. कांडी बदललेली नसतानाही दोन काळ्या एचएफच्या पोटी तांबडं वासरू होतं. ते वरचेवर होत नाही, पण होतं.

हे मी जरा ठासून सांगतोय, कारण जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी स्वतः याच प्रसंगात चुकलो होतो. शेतकऱ्यानं विचारलं, मी वासराकडं बघितलं आणि ‘कांडीत गडबड झाली असणार’ असं बोलून मोकळा झालो. त्या बिचाऱ्या रेतन करणाऱ्याचं त्या गावात येणं बंद झालं. पुढं वळूचा क्रमांक शोधून त्याची माहिती बघितली, तर त्याच्या पुढं ‘तांबड्या रंगाचा वाहक’ (स्वतः काळा, पण पोटी तांबडं देऊ शकणारा) असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी शेतकऱ्याला सांगायला गेलो, तोवर वासरू विकून झालं होतं.

आता मुद्द्यावर येऊ. घरात दोन वाट्या घ्या. दोन्हींत एक-एक उडदाचा आणि एक-एक तांबड्या तुरीचा दाणा टाका. एक वाटी गाईची, दुसरी वळूची. डोळे झाकून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचला आणि जोडी बघा. दोन उडीद, एक उडीद एक तूर, किंवा दोन तुरी. दाणे परत आपापल्या वाटीत टाका, पुन्हा उचला. चाळीस वेळा केलंत तर दहाच्या आसपास दोन तुरी येतील. बरोबर दहा येणार नाहीत. कधी सात येतील, कधी तेरा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्यावर केलेल्या आणि १८६६ साली छापलेल्या प्रयोगांतसुद्धा गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५० आले होते. तीनास एकच्या जवळ, पण नेमके तीनास एक नाहीत.

शब्द या दाण्यांवरच बसवू. ‘कातडीला काळा रंग द्यायचा की नाही’ हे ठरवणारी जी जागा गुणसूत्रावर आहे, ते जनुक. दोन्ही वाट्यांत जनुक तेच आहे. त्या एकाच जनुकाचे दोन अवतार म्हणजे उडीद आणि तूर. त्यांना अलील म्हणतात, जुन्या पुस्तकांत युग्मविकल्पी. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. मुलं लिहितात की ‘काळ्याचं जनुक आणि तांबड्याचं जनुक’. तसं नसतं. जागा एक, माल दोन प्रकारचा. गाईच्या प्रत्येक पेशीत ६० गुणसूत्रं, म्हणजे ३० जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून आलेलं. म्हणून प्रत्येक जागेवर दोन दाणे. नर-मादीच्या एका जोडीचा हिशोब थोडा वेगळा आहे, तो सध्या बाजूला ठेवू. वाटीत खरोखर कोणते दोन दाणे आहेत तो जीनोटाइप. आणि गोठ्यात उभं राहून डोळ्याला जे दिसतं, हाताला लागतं, लिटरमध्ये मोजता येतं, तो फिनोटाइप. दोन उडीदवाली गाय काळी, उडीद-तूरवालीही काळीच. फिनोटाइप एक, जीनोटाइप दोन. दोन्ही दाणे सारखे असले की समयुग्मजी, वेगळे असले की विषमयुग्मजी. तुमची गाय नक्की विषमयुग्मजी आहे, आणि कांडी तीच असेल तर वळूही तसाच. नाहीतर ही कालवड झालीच नसती. तिची जोडी दोन तुरींची आहे.

उडीद-तूर एकत्र असताना गाय करडी का होत नाही, काळीच का होते? ‘उडीद प्रभावी आहे म्हणून’ असं लिहिलं की परीक्षेत मार्क मिळतात, पण ते काही उत्तर नव्हे. प्रभावी म्हणजे दंडेली करणारा असं वाटतं. प्रत्यक्षात एक अलील दुसऱ्याला दाबत बिबत नाही. काय होतं ते बघा.

केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक ग्राही असतो, दारावरची कडी म्हणा. शरीरातून निरोप आला, कडी वाजली की पेशी काळं रंगद्रव्य बनवते. कडी वाजलीच नाही तर ती तांबडं बनवत राहते. ही कडी म्हणजे एक प्रथिन आहे आणि ती कशी घडवायची याचा मजकूर एमसी१आर नावाच्या जनुकात लिहिलेला आहे. डीएनएची अक्षरं चारच आणि वाचली जातात तीन-तीनच्या गटानं. तांबड्या अलीलमध्ये फक्त एक अक्षर गळालेलं आहे. एकच. पण त्यानं काय घोळ होतो हे बघायचं तर तीन-तीन अक्षरांचं हे वाक्य घ्या:

सकस गवत सतत उगव

यातला पहिला ‘क’ काढा आणि तीन-तीनचे गट तसेच ठेवून वाचा:

ससग वतस ततउ गव

एक अक्षर गेलं, पण पुढचं सगळंच बिघडलं. जनुकातही तेच होतं. पुढचे गट चुकतात, मध्येच ‘थांबा’ असा अर्थ असलेला गट लागतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. ती कडी दारावर लागतच नाही. आता उडीद-तूरवाल्या गाईकडं बघा. तिची एक प्रत बिघडलेली आहे, पण दुसरी धड आहे. धड प्रतीपासून पुरेशा कड्या बनतात, काळा रंग तयार होतो. तांबड्या अलीलला कुणी दाबलेलं नाही, त्याच्याकडं काम करण्यासारखं काही नाही इतकंच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तांबडं वासरू. अप्रभावी, म्हणजे रेसेसिव्ह, गुण पिढ्यानपिढ्या न दिसता का चालत येतो, ते आता बहिणीला सोपं जाईल. (सगळेच अप्रभावी अलील असे मोडके नसतात आणि सगळेच प्रभावी धडधाकट नसतात. गाईंमध्ये शिंगं नसणं हा प्रभावी गुण आहे.)

एक जोडटीप. या गाईला याच वळूपासून पुन्हा वासरू झालं, तर ते तांबडं असण्याची शक्यता पुन्हा चारात एक. ‘एक तांबडं झालं, आता तीन काळी होणार’ असं नाही. वाटीला मागची खेप आठवत नसते. आणि काळं वासरू झालं, तर ते तांबड्याचं वाहक असण्याची शक्यता अर्धी नव्हे, तीनात दोन आहे. दोन तुरींची जोडी आपण डोळ्यानंच बाद केली की उरलेल्या तीनांतल्या दोन मिश्र असतात. बारावीला हे हमखास चुकतं.

आता एक्स्प्रेशन. याला अभिव्यक्ती म्हणतात. मला हा शब्द जड वाटतो, मी ‘जनुक चालू होणं’ म्हणतो.

गाईच्या कानातल्या पेशीत, खुराच्या मुळाशी, यकृतात, आतड्यात, सगळीकडं डीएनए तोच असतो. सुमारे २२ हजार जनुकं. गाईचा पूर्ण जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हा आकडा आला. दुधातलं केसीन बनवण्याचा मजकूरही कानाच्या पेशीत आहे. मग कानातून दूध का येत नाही? प्रश्न पोरकट वाटतो, पण जनुकशास्त्राचा निम्मा पसारा या प्रश्नातच आहे. मजकूर सगळीकडं आहे, पण तो सगळीकडं वाचला जात नाही. केसीनची जनुकं फक्त कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशींत उघडली जातात, आणि तिथंही बारमाही नाही.

वेळापत्रक तुम्हाला पाठच आहे. कालवड असते तेव्हा कास म्हणजे नुसती कातडी आणि चरबी. गाभण राहिली की आत पेशींची वाढ सुरू होते. शेवटच्या दिवसांत कास तटतटते, सडांना चीक चढतो. व्यायच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येतं आणि प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर चालतो. प्रोलॅक्टिन पेशीच्या बाहेरून टकटक करतं, आत निरोपांची साखळी चालते आणि शेवटी एक प्रथिन डीएनएवर केसीन जनुकाच्या अलीकडच्या जागी जाऊन बसतं. मजकूर सुरू होण्याआधीच्या त्या पट्टीला प्रमोटर म्हणतात; स्विच समजा. स्विच पडला की मजकुराची नक्कल निघते, ती एमआरएनए. नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तिथं रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचत अमिनो आम्लांची माळ ओवतो. दहावीला मराठीत प्रतिलेखन आणि भाषांतरण म्हणून शिकलेलं हेच. बारावीला ट्रान्स्क्रिप्शन-ट्रान्सलेशन म्हणून पुन्हा येतं आणि मुलांना नवीन धडा वाटतो.

मूळ सातबारा तलाठ्याकडं, आपल्या हातात उतारा. डीएनए आणि एमआरएनएचं नातं साधारण तसंच आहे. मूळ दप्तर जागेवरून हलत नाही. गरज पडली की उतारा निघतो, वापरला जातो, फाटून जातो. किती उतारे निघाले आणि किती दिवस टिकले, यावर किती प्रथिन बनणार ते ठरतं.

धार काढणं थांबवलं की कासेत दूध साचतं, पेशींना तसे निरोप जातात, जनुकं बंद होत जातात आणि गाय आटते. भाकड गाईच्या कासेतून जनुक कुठं गेलेलं नसतं. पुढच्या वेताला तोच स्विच पुन्हा पडतो. एक चूक मात्र टाळा: वासरू लावल्यावर गाय पान्हावते, ते हे नव्हे. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळं येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत येतो. त्यात आधीच तयार झालेलं दूध खाली उतरतं. जनुक चालू होऊन प्रथिन बनायला त्याहून फार वेळ लागतो.

आणि वळू? त्याच्या अंगात दुधाची सगळी जनुकं आहेत, पण आयुष्यभरात त्यांपैकी एकही कासेत चालू होणार नाही, कारण कासच नाही. तरी त्याच्या लेकीच्या दुधाचा निम्मा वारसा त्याचा असतो. म्हणून वळूची किंमत त्याच्या खांद्यावरून नव्हे, लेकींच्या दुधावरून करतात. लेकी जन्मून, गाभण राहून, व्याऊन, त्यांचं दूध मोजून होईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. ते टाळायला आता वासराचा डीएनएच तपासून अंदाज बांधतात; अमेरिकेत एचएफसाठी २००९ पासून हे अधिकृतपणे चालू आहे. आपल्याकडं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ जाहीर झाली, ती याच कामासाठी.

आता तुमचा ए२ चा प्रश्न. वरचे सगळे शब्द इथं एकदम कामाला येतात.

बीटा-केसीन हे दुधातलं एक प्रथिन, २०९ अमिनो आम्लांची माळ. तिच्यातला ६७ वा मणी काही गाईंत प्रोलीन असतो, काहींत हिस्टिडीन. डीएनएत बघितलं तर सीसीटी या तीन अक्षरांच्या जागी सीएटी झालंय. मधलं एक अक्षर बदललं. इथं अक्षर गळालेलं नाही, बदललंय. म्हणून पुढचा मजकूर बिघडत नाही, एकच मणी वेगळा येतो. प्रोलीनवाला ए२, हिस्टिडीनवाला ए१. जनुक एकच, अलील दोन.

गाय ए१ए२ असेल तर काय होईल? इथं कुणी कुणाच्या मागं लपत नाही. दोन्ही प्रतींचे उतारे निघतात, दोन्ही प्रकारचं प्रथिन बनतं आणि एकाच बादलीत पडतं. याला सहप्रभाविता म्हणतात. बहिणीला पुस्तकात शॉर्टहॉर्न गाईचं तांबडे-पांढरे केस मिसळलेलं अंग दाखवलं असेल. आपल्याकडं ती गाय कुणी बघितलेली नाही, म्हणून हे उदाहरण धरावं. गुलबक्षीचं तांबडं आणि पांढरं मिळून गुलाबी फूल होतं ते वेगळं, ती अपूर्ण प्रभाविता. तिथं तांबडं रंगद्रव्य एकाच प्रतीपासून बनतं म्हणून फिकं पडतं.

देवणी, लाल कंधारी आणि आपल्या बाकीच्या देशी गाई जवळजवळ सगळ्या ए२ए२ निघतात, म्हशीही ए२. एचएफमध्ये दोन्ही अलील सापडतात. त्यामुळं तुमची एचएफ गाय ए१ए१, ए१ए२, ए२ए२ यांपैकी काहीही असू शकते आणि तिच्याकडं बघून, तिचं दूध चाखून, सायीचा थर बघून ते कळणार नाही. शेपटीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेला पाठवून तपासणी होते. तोवर ‘ए२’ ची पाटी लावू नका. देशी गाईचं आणि या गाईचं दूध एकाच कॅनमध्ये ओतून ए२ म्हणणं तर सरळ फसवणूक होईल. ए१ दुधानं अमुक आजार होतात म्हणून जे फिरतं, त्याबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००९ साली उपलब्ध अभ्यास तपासून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं म्हटलं होतं. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, एफएसएसएआयनं, ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए१-ए२ चे दावे काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आतच ती सूचना मागंही घेतली. माझं मत विचाराल तर देवणीचं दूध ‘देवणीचं दूध’ म्हणून विका. गिऱ्हाईक त्यालाही पैसे देतं.

जनुक आहे आणि चालूही आहे, तरी गुण पुरा दिसेल असं नाही. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात आपण काय बघतो? दात बघतो, आदत (दुधाचे दात) की दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती). खांदा, खूर, कासेच्या शिरा. म्हणजे फक्त फिनोटाइप. फिनोटाइपमध्ये वंश किती आणि वैरण किती, हे बाजारात कळत नाही. पंजाबकडून ‘तीस लिटरची’ म्हणून आणलेली गाय आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या गोठ्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उभी केली की बारा लिटरवर येते. तिची जनुकं ट्रकमध्ये सांडलेली नाहीत. उष्म्यानं तिचं खाणं कमी होतं, धाप लागते आणि पेशी दुधाऐवजी स्वतःला वाचवणारी प्रथिनं बनवण्याच्या मागं लागतात. पेशींतली काही जनुकं उन्हाळ्यातच जोरात चालू होतात. एका कळपातल्या गाईगाईंत दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एकतृतीयांश भागच वंशानं येतो. बाकी चारा, पाणी, सावली, आजार आणि तुमची मेहनत. दुधाच्या फॅटच्या टक्क्यात वंशाचा वाटा याहून बराच जास्त, निम्म्याच्या आसपास.

जीनोटाइप आणि फिनोटाइप यांतला हा भेद पहिल्यांदा नीट मांडला डेन्मार्कच्या योहान्सेननं, घेवड्याच्या दाण्यांवर. एकाच शुद्ध वाणातले मोठे दाणे वेगळे पेरले, लहान वेगळे. पुढच्या पिढीत दोन्हींचं सरासरी वजन सारखंच आलं. दाणा मोठा दिसत होता, पण वारशानं मोठा नव्हता. जीन, जीनोटाइप आणि फिनोटाइप हे तिन्ही शब्द १९०९ साली त्यानंच वापरात आणले.

जुळ्यांचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. गाईला गोऱ्हा आणि कालवड असं जुळं झालं, तर दहातल्या नऊहून जास्त वेळा ती कालवड वांझ असते. तिची गुणसूत्रं मादीचीच, जीनोटाइपमध्ये खोट नाही. पण पोटात असताना दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जुळतात, गोऱ्ह्याच्या वृषणातलं संप्रेरक तिच्या रक्तात येतं आणि तिचे मादीचे अवयव घडायचे थांबतात. तिच्या रक्तात भावाच्या पेशीही सापडतात. बाहेरून ती चांगली गुटगुटीत दिसते. लोक दोन-अडीच वर्षं सरकी पेंड चारून माजाची वाट बघतात, मग आम्हाला बोलावतात. तेच महिनाभराच्या वयात बोथट नळीनं योनीमार्गाची खोली बघितली तर नेहमीच्या कालवडीच्या निम्म्यावरच नळी अडते. पाच मिनिटांचं काम. उस्मानाबादी शेळीला जुळी नेहमीचीच असतात, पण शेळीत हा प्रकार क्वचित होतो. त्यामुळं शेळीवरून गाईचा अंदाज बांधू नका.

आता ‘रक्ता’बद्दल. आपल्याकडं सगळे म्हणतात की ही गाय पन्नास टक्के रक्ताची, ती पंचाहत्तर टक्के. मीही म्हणतो, तोंडात बसलंय. पण त्यानं डोळ्यासमोर चहा-दूध येतं: मिसळलं की मिसळलं, परत वेगळं होत नाही. वाटीतले दाणे मात्र मिसळत नाहीत. उडीद उडीदच राहतो, तूर तूरच, आणि चार पिढ्यांनी तसाच बाहेर येतो. तुमची कालवड हाच त्याचा पुरावा.

देवणी गाय आणि एचएफ वळू यांची पहिली पिढी नेमकी अर्धी-अर्धी असते. प्रत्येक जागेवर एक दाणा इकडचा, एक तिकडचा. या पिढीला संकरजोम असतो: दूध आईपेक्षा कितीतरी जास्त आणि ऊनही सोसते. मग लोक या संकरित गाईला संकरित गोऱ्हाच दाखवतात आणि पुढची पिढी विस्कटते. कागदावर तीही पन्नास टक्केच, पण ती सरासरी झाली. एका बहिणीला काही जागांवर दोन्ही दाणे एचएफचे, काहींवर दोन्ही देवणीचे, दुसरीला भलतंच. शिवाय मिश्र जोड्या निम्म्या झाल्या की जोमही तेवढाच उतरतो. ‘पहिली चांगली निघाली, नाती बिघडल्या’ ही तक्रार मी इतक्या गोठ्यांत ऐकलीय की आता उलट विचारतो, नांदेड-४४ या संकरित कापसाची सरकी पुढच्या साली पुन्हा पेरली होती का कधी? मग लगेच समजतं.

नात्यातल्या संकराबद्दल थोडं. गावचा एकच वळू आठ-दहा वर्षं ठेवला की तो आपल्याच लेकींना लागतो. बाप-लेकीच्या वासरात कोणत्याही एका जागेवरचे दोन्ही दाणे म्हणजे पूर्वजाच्या एकाच दाण्याच्या नकला असण्याची शक्यता चारात एक. बिघडलेली प्रत एरवी धड प्रतीच्या आडोशाला असते. इथं दोन बिघडलेल्या एकत्र येतात. १९५२ साली जन्मलेला ऑस्बॉर्नडेल आयव्हॅन्हो नावाचा अमेरिकी एचएफ वळू असाच एका दोषाचा वाहक होता. स्वतः ठणठणीत, लेकी दुधाच्या, म्हणून त्याच्या वंशाचं वीर्य जगभर गेलं. पुढं त्याच्या वंशातले नर-मादी एकमेकांना लागले आणि वासरं साध्या संसर्गानं मरू लागली. त्यांच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचूच शकत नव्हत्या. ब्लॅड म्हणतात त्या दोषाला. आता वीर्यकेंद्रावर वळू घेताना याची तपासणी करतात. देवणी-कंधारी शुद्ध ठेवायची आहे म्हणून घरचाच गोऱ्हा ठेवणाऱ्यांना माझं सांगणं असं की शुद्ध ठेवा, पण वळू दुसऱ्या गावचा आणा.

माणसांचा हिशोब मी करू नये, मी जनावरांचा डॉक्टर. पण मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं आजही होतं, म्हणून एवढं सांगतो की गणित तेच आहे. मामे-आते भावंडांच्या अपत्यात ती शक्यता सोळात एक, मामा-भाचीच्या अपत्यात आठात एक. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा वाहक स्वतः धडधाकट असतो, उडीद-तूरवाल्या गाईसारखाच. लग्नाआधी रक्ताची एचपीएलसी तपासणी दोघांची करून घ्यावी. पत्रिका बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात होते.

तुमच्या कालवडीचं काय करायचं, हे राहिलंच. ठेवा. रंगाचा दुधाशी संबंध नाही आणि तांबडी-पांढरी एचएफ बाजारात कमी भावाला जावी असं काही कारण नाही. ती मोठी झाल्यावर काळ्या, वाहक नसलेल्या वळूची कांडी दिलीत तर सगळी वासरं काळी होतील आणि सगळी वाहक असतील. रेतन करणाऱ्या भाऊंना एकदा चहाला बोलवा. आणि कांडीवरचा वळू क्रमांक परत नीट वाचून पाठवा. फोटोत शेवटचे दोन आकडे तुमच्या अंगठ्याखाली गेलेत.